गालातल्या जमिनीचा सातबारा

कार्तिकातली यात्रा भरली की कौंडण्यपुरात वर्धेच्या काठाकडे जाणाऱ्या वाटेवर दोन दुकाने हटकून शेजारी शेजारी दिसतात. एकात ओटीचे सामान: खण, नारळ, हळदकुंकू आणि अख्खी सुपारी. दुसऱ्यात तीच सुपारी बारीक कातरलेली. तिच्यात तंबाखू, चुना, आणि मग पन्नीत घालून घोटणे सुरू. खर्रा घोटणाऱ्याचा हात दिवसभर थांबत नाही. मागच्या यात्रेत माझ्यासमोर एका पोराने अशी पन्नी घेतली आणि मित्रांनी पुढे केलेली पाणीपुरी मात्र नाकारली. "पुरी तोंडात जात नाई भाऊ आता," म्हणाला, आणि हसला. सोबतचेही हसले. वय पंचविशीच्या आतले.

त्या हसण्याने मी चिडलो. पण त्या पोराला कुणी काय सांगितले होते? आपल्या पाट्या, मोहिमा, शाळेतल्या शपथा, आपला कायदा, सगळे तंबाखूबद्दल बोलतात. त्याचे तोंड आवळले होते सुपारीने, आणि त्या आवळलेल्या गालाच्या आत कॅन्सरसाठी जमीन तयार होत होती. ओळखीतला एकही माणूस तोंडाच्या कॅन्सरने गेला नाही, असे सांगणारा वऱ्हाडी वाचक मला अजून भेटायचा आहे. म्हणून दुखणे किती मोठे आहे हे सांगत बसत नाही. आपले चुकते कुठे, तेवढे मांडतो.

१. गाठ म्हणजे नुसती बिघडलेली पेशी नव्हे. तोंडातली गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर कॅन्सरच्या पेशींभोवती इतरांचीच मोठी गर्दी दिसते: रक्तवाहिन्या, प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि फायब्रोब्लास्ट. फायब्रोब्लास्ट या मुळात आपल्या डागडुजीच्या पेशी. गाल चावला गेला की त्या कोलॅजनचे तंतू विणतात, जखम ओढून घेतात आणि काम संपले की शांत होतात. कॅन्सरभोवती त्या शांत होतच नाहीत. हॅरल्ड ड्वोरॅक या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये कॅन्सरच्या गाठीला न भरणारी जखम म्हटले, ते यामुळेच. अशा जखमेवर अडकून पडलेले हे गवंडी हळूहळू कॅन्सरचीच चाकरी करू लागतात. वाढीची रसायने पुरवतात, जुने तंतू तोडून नवे ताणून बसवतात, प्रतिकारपेशींना गाठीच्या कडेलाच अडवून धरतात. २००७ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत तर असे दिसले की फायब्रोब्लास्ट पुढे सरकतात, तंतूंच्या जाळीत वाट पाडतात आणि कॅन्सरच्या पेशी त्यांच्या मागून जातात, पुढच्या बैलगाडीच्या चाकोरीतून मागची गाडी जावी तशा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डोके-मानेच्या कॅन्सरच्या १८ रुग्णांच्या गाठींतल्या सुमारे सहा हजार पेशी एकेक करून तपासल्या. पसरण्याच्या तयारीतल्या पेशी त्यांना गाठीच्या सीमेवर, या फायब्रोब्लास्टच्या शेजाराला सापडल्या. गालातला कॅन्सर गळ्यातल्या गाठींपर्यंत पोचतो तेव्हा त्याला वाट करून दिलेली असते आपल्याच पेशींनी, आणि त्या पेशींना कामाला कुणी लावले हा प्रश्न आपण अजून नीट विचारलेलाही नाही.

२. बियाण्यावर वाद घालताना आपण जमीन विसरलो. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये लिहिले की कॅन्सरच्या पेशी बियांसारख्या सगळीकडे जातात, पण अनुकूल जमीन मिळेल तिथेच उगवतात. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात राबलेल्या माणसाला हे पॅजेटने सांगायला नको. पिशवीतले बी तेच, पण चोपण जमिनीत एक गत आणि भारी काळीत दुसरी, हे अकोल्याचा शेतकरी झोपेतही सांगेल. गालाच्या आतली जमीन कोण कसते, ते आता पाहा. सुपारीतले अरेकोलीन फायब्रोब्लास्टना जास्तीचे कोलॅजन विणायला लावते. सुपारीतली टॅनिने जुने कोलॅजन सहज विरघळू देत नाहीत. सुपारीत तांबे भरपूर असते, आणि तांब्याच्या जोरावर चालणारे लायसिल ऑक्सिडेज नावाचे विकर त्या तंतूंना एकमेकांत पक्के गुंतवते. म्हणजे विणणे वाढले, उसवणे थांबले आणि वर गाठी घट्ट. आधी तिखट झोंबू लागते, ठेचा सुटतो. मग गाल पांढरट, कडक होतो, आतून बोट फिरवले तर दोऱ्या लागतात. मग जबडा उघडेनासा होतो. डॉक्टर त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, गावात 'तोंड बंद झाले' म्हणतात. खाणे सोडले तर पुढची वाढ थांबू शकते, पण पडलेल्या दोऱ्या आपोआप सैल होत नाहीत. या दोऱ्या विणणाऱ्या पेशी आणि पुढे गाठीभोवती दिसणाऱ्या पेशी तंतोतंत एकच, असा दावा मी करणार नाही. पण चाल तीच आहे: डागडुजीच्या पेशी पेटलेल्याच राहणे. बी पडण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुपारी वखरपाळी करून मोकळी होते, आणि फिर्याद मात्र एकट्या तंबाखूवर दाखल होते.

३. हे ज्ञान परदेशातून काल आलेले नाही. टाळूचे आणि घशाच्या कमानींचे हे आवळणे मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्याच वर्षी अमेरिकेत तोंडाच्या कॅन्सरच्या ७८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातून कळले की गाठ एका जागी दिसली तरी आजूबाजूचे अख्खे शेतच बिघडलेले असते. 'शेत' हा शब्द माझा नाही, त्या अमेरिकी डॉक्टरांनी तोच वापरला. पुढे केरळात फायब्रोसिसच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे नजर ठेवली गेली. त्यांतल्या पाच जणांना कॅन्सर झाला, म्हणजे ७.६ टक्के. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये मध्य भारतातल्या तब्बल १००० फायब्रोसिस रुग्णांचा अभ्यास छापला. ते रुग्ण कुठले? आपल्याच गावांतले. आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आपल्या ग्रंथात नोंदवून टाकले की सुपारी, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा, माणसाला कॅन्सर करते. म्हणजे ७० वर्षांपूर्वी मुंबईत लक्षात आलेली गोष्ट कौंडण्यपूरच्या त्या पोरापर्यंत अजून पोचलेली नाही. इतकी वर्षे ती कुणाच्या टेबलावर अडली होती?

४. कायद्याचे डोळे तंबाखूवर आणि पाठ सुपारीकडे. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्न सुरक्षा कायद्याचा आधार घेऊन बंदी पुन्हा आली आणि ती वर्षाच्या बोलीवर वाढवत नेली जाते. मधल्या २००३ च्या केंद्रीय कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई केली. हे सगळे योग्यच झाले. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के चघळणारे निघाले. आपला रोग गालातला का, फुप्फुसातला का नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे. पण शाळेच्या फाटकासमोर साधी सुपारी, गोड सुपारी मिळते, तिला शंभर यार्डांचा नियम लागू नाही. पाकिटावर सुपारी आरोग्याला अपायकारक असल्याचे छापावे लागते. पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यावर कोण छापणार? गुटखा बंद झाला आणि खर्ऱ्याच्या पन्न्या वाढल्या, असे टपरीवाले स्वतःच सांगतात. गुटख्याच्या कारखान्याला कुलूप लावता येते, पण इथे तर प्रत्येक टपरी हाच कारखाना आहे. एका हाताने पाकीट काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने पन्नी राहू द्यायची, याला बंदी म्हणणे ही लोकांची थट्टा आहे.

५. "सुपारी देवाला चालते, तिला विष कसे म्हणता?" हा प्रश्न मला घरातच विचारला गेला आहे. उत्तर सोपे आहे: ओटीतली सुपारी कुणी गालात दाबून तासभर ठेवत नाही. गणपती म्हणून पाटावर बसवलेल्या सुपारीचा आणि खर्ऱ्याचा संबंध तेवढाच, जेवढा अभिषेकाच्या दुधाचा आणि बासुंदीचा. कोकणातल्या बागायतदाराच्या पोटाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो सरकारने सोडवायचा आहे, वऱ्हाडी पोरांच्या जबड्यांनी नव्हे. मला जास्त काळजी वाटते ती तंबाखू सोडून 'नुसत्या सुपारीवर' आलेल्यांची. त्यांनी मनापासून प्रयत्न केला आणि आम्ही त्यांना अर्धवट माहिती देऊन फसवले.

६. तपासणी तिशीनंतर, आणि तोंड बंद होते विशीत. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंडाची तपासणी आहे. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, हा प्रश्नसुद्धा आहे. प्रश्न विचारणाऱ्यांचे कौतुकच. पण तो विचारला जातो वयाची तीस वर्षे पूर्ण झालेल्यांना. खर्रा खाणारा पोरगा तिशीपर्यंत वाट पाहतो का? तोंड उघडण्याची मोजणी इतकी साधी आहे की तिला यंत्र लागत नाही. स्वतःची तीन बोटे उभी, एकावर एक, समोरच्या दातांमध्ये जायला हवीत. साधारण ४० मिलिमीटर. दोनच गेली तर सावध व्हायचे, एक गेले तर दवाखाना गाठायचा. दहा रुपयांची प्लास्टिकची पट्टी घेऊन हे माप आठवी ते बारावीच्या प्रत्येक वर्गात वर्षातून एकदा घेता येते. २०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. नत्र किती, स्फुरद किती, सामू किती, सगळे त्यात असते. अकोल्याला अख्खे कृषी विद्यापीठ १९६९ पासून माती वाचते आहे. मग गालातल्या जमिनीची पत्रिका का नाही? आणखी एक गोष्ट डॉक्टर सोडून फारसे कुणी बोलत नाही. तोंडच उघडत नसेल तर आतली जखम दिसणार कशी? दाढेमागे, गालाच्या खोबणीत सुरू झालेला कॅन्सर बंद तोंडामागे लपून वाढतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद दरवर्षी होते आणि पोराच्या गालातली जमीन कधी कडक झाली याची नोंद कुणाच्याच दप्तरी नाही, हा दोष आशाताईंचा नाही, वयाची रेघ कागदावर ओढणाऱ्यांचा आहे.

७. बायोप्सीच्या अहवालात शेजाऱ्यांसाठी रकाना हवा. शस्त्रक्रियेनंतर अहवाल येतो, त्यात गाठीची लांबीरुंदी, किती खोल गेली, कडा मोकळ्या आहेत का, गळ्यातल्या किती गाठींत पोचली, हे असते. खोलीला महत्त्व मिळाले तेही अलीकडेच, कॅन्सरचे टप्पे ठरवण्याच्या नियमांची आठवी आवृत्ती २०१८ पासून वापरात आली तेव्हा. गाठीभोवतीच्या पेशींचे काय? २०११ मध्ये इंग्लंडमधल्या २८२ रुग्णांच्या अभ्यासात दिसले की ज्यांच्या गाठीभोवती अल्फा स्मूथ मसल अ‍ॅक्टिन हे प्रथिन असलेल्या, म्हणजे पेटलेल्या, फायब्रोब्लास्टची दाटी होती, ते रुग्ण लवकर दगावले. हे प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी मोठ्या प्रयोगशाळांत इतर कामांसाठी रोज वापरली जाते. त्याहून स्वस्त म्हणजे नेहमीच्याच काचपट्टीवर गाठ किती आणि भोवतालचे तंतू किती, याचा अंदाज लिहिणे. या एका रकान्याने उद्याच उपचार बदलतील, असे मी म्हणत नाही. पण आज नोंद झाली नाही तर दहा वर्षांनी हाती काय असेल? अमरावती, अकोला, नागपूर इथल्या वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयांत जेवढ्या गालाच्या गाठी तपासल्या जातात, तेवढ्या युरोपातल्या एखाद्या देशाच्या वाट्याला येत नसतील. इतका अनुभव काचपट्ट्यांच्या डब्यांत बंद ठेवणे हे गरिबीचे लक्षण नव्हे, हलगर्जीपणाचे आहे.

८. आपल्या गाठीवरचे संशोधन आपल्याच गाठीवर व्हायला हवे. पश्चिमेकडे तोंडाचा कॅन्सर म्हटला की बहुतेकदा जीभ. आपल्याकडे गाल आणि हिरडी, जिथे घास दाबून ठेवतात ती जागा. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ-तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले. जगातल्या दर तिघांमागे एकाहून जास्त. गाल-हिरडीच्या कॅन्सरमधले जनुकीय बदल २०१३ मध्ये कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची खारघरची संशोधन संस्था यांनी मिळून मांडले. कल्याणीच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की गाठीभोवतीच्या साऱ्या फायब्रोब्लास्ट एका जातीच्या नसतात. ज्यांच्यात ते स्मूथ मसल अ‍ॅक्टिन कमी असते त्या कॅन्सरच्या चिवट, पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या पेशींना उलट आवर घालतात. हे फार मोलाचे आहे, कारण स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये भोवतालच्या पेशी सरसकट नष्ट करून पाहिल्या तेव्हा उंदरांतली गाठ जास्तच उग्र झाली, असे २०१४ मध्ये दोन अभ्यासांत दिसले. तण म्हणून बांधावरचे सगळेच उपटले आणि बांधच वाहून गेला, तसे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये या पेशींवर थेट नेम धरणारे औषध अजून रोजच्या उपचारात आलेले नाही. पण भोवतालाकडे वळल्याने काय साधते याची चुणूक टाटा रुग्णालयाने दाखवली आहे. प्रतिकारपेशींचा लगाम सोडणारे निवोलुमॅब हे औषध इतके महाग की आपल्या बहुतेक रुग्णांना ते नुसते ऐकून सोडावे लागते. तिथल्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी, तोंडी औषधांच्या जोडीला दिले. डोके-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांत वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हे मुंबईत घडू शकते, कारण तिथे रुग्ण, डॉक्टर आणि प्रश्न विचारण्याची सवय एका आवारात आहे. रुग्ण विदर्भाने पुरवायचे आणि प्रश्न मुंबईने विचारायचे, ही वाटणी वऱ्हाडाने का मान्य करावी?

९. उशीर कुणामुळे होतो? पेशंटने उशीर केला, हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. टाटा रुग्णालयानेच २०१५ मध्ये सिद्ध केले की तोंडाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात असताना गळ्यातल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत राहतात. गाठ दिसल्यावर बघू, म्हणून थांबले तर ६७.५ टक्के. या साडेबारा टक्क्यांत माणसे आहेत. ती पसरलेल्या रोगाने गेली, आणि पसरायला वाट लागते, हे पहिल्या मुद्द्यात आलेच आहे. आणि रुग्णाची वाट? गावातून तालुक्याला, तिथून अमरावतीला, तिथून नागपूरला. मध्ये सोंगणी, मध्ये लग्न, मध्ये योजनेच्या कागदावरची एक राहिलेली सही. फायब्रोब्लास्ट तेवढ्यात सुटी घेत नाहीत. रुग्णाला उशीर झाला म्हणण्याआधी त्याला रस्त्यात किती ठिकाणी थांबवले, ते मोजा.

१०. हे काम आपल्या तालुक्यातून सुरू व्हावे. कौंडण्यपूर तिवसा तालुक्यात आहे आणि याच तालुक्यात मोझरीचे गुरुकुंज. व्यसनाविरुद्ध खंजिरी वाजवत गावोगाव फिरलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कॅन्सरनेच गेले. नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. ती रीत आजही चालेल. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून मुक्तिपथ अभियान गावसभेच्या ठरावांतून खर्रा आणि दारू गावाबाहेर काढते आहे. जंगलातली गावे हे करू शकतात आणि वर्धेकाठची करू शकत नाहीत, असे कोण म्हणेल? यात्रेत दुकानाला जागा कुणी तरी देतेच. ओटीच्या दुकानाला लागून खर्ऱ्याला जागा द्यायची नाही, एवढा ठराव पुरे. त्याच जागेवर एक टेबल, एक पट्टी, एक वही, तिवशाच्या रुग्णालयातली एक परिचारिका आणि अमरावतीच्या दंत महाविद्यालयातले दोन विद्यार्थी बसवा. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणावे, तीन बोटे घाल. वहीत नाव, वय, मिलिमीटर, आणि सुपारी कधीपासून. तंबाखूचा रकाना वेगळा ठेवा. ज्याचे माप तीसच्या खाली, त्याला पुढच्या सोमवारी कुठे, किती वाजता, कुणाकडे जायचे ते तिथेच लिहून द्या. पुढच्या कार्तिकात तीच वही उघडा आणि आधी त्या पाणीपुरी नाकारणाऱ्या पोराला शोधा.